घर घेताना भिंती नंतर बघा, आधी पाणी आणि वाट बघा

बचत गटांच्या बैठकांना आम्ही गावोगाव जातो, तेव्हा हल्ली एक विषय हमखास निघतो. कुणाला गावठाणाबाहेर गुंठा-दीड गुंठा घ्यायचा असतो, कुणाला तालुक्याच्या गावी पोरांच्या शिक्षणासाठी दोन खोल्या घ्यायच्या असतात. त्यासाठी गटाकडं कर्जाची मागणी येते. आम्ही विचारतो, जागा बघितली का? उत्तर येतं, ‘मालकांनी बघितली.’ मालकांनी भाव बघितलेला असतो, फार तर रस्ता बघितलेला असतो. पण तिथं पहाटे पाणी कोण भरणार, पोरीला शाळेत कोण सोडणार, रात्री दुखलं-खुपलं तर कुणाचं दार वाजवणार, हे प्रश्न ज्या बाईचे आहेत, तिनं जागा बघितलेलीच नसते. म्हणून आज आपण जागेच्या आजूबाजूला काय बघायचं, याबद्दल बोलू.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवू. घरात दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. काही पुढं बदलता येतात. फरशी बदलता येते, पत्र्याच्या जागी स्लॅब टाकता येतो, संडास बांधता येतो. काही मात्र कितीही पैसे घातले तरी बदलत नाहीत. नदी लांब नेता येत नाही, शाळा जवळ आणता येत नाही, शेजारची वीटभट्टी हलवता येत नाही. आपण भुलतो ते रंगाला आणि फरशीला. बदलता न येणारं आधी तपासावं.

त्यात सगळ्यात आधी पाणी, आणि पाण्याची बाजू दोन्हीकडून बघायची. एकट्या सांगली जिल्ह्याचं उदाहरण घ्या. जत-आटपाडीकडं पाणी पुरत नाही, तर कृष्णाकाठच्या पलूस-वाळव्याकडं पाणी घरात शिरतं. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला 275 लिटर. तुम्ही बघताय त्या जागेपर्यंत नळाची लाइन आली आहे का? नळ नुसता बसलाय की पाणी येतं? किती दिवसांआड येतं, किती वाजता येतं, एप्रिल-मे महिन्यात काय होतं? हे विकणाऱ्याला विचारू नका. शेजारच्या घरातल्या बाईला विचारा, ती खरं सांगेल.

पुराचंही तसंच. 2005, 2019 आणि 2021 या तीन पुरांत पाणी कुठवर आलं होतं, हे त्या आळीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील. जलसंपदा विभागानं अनेक ठिकाणी नदीकाठी पूररेषा आखल्या आहेत. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या जागेत बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या जागेत बांधकामावर बंधनं असतात. अशा ठिकाणी जागा निम्म्या किमतीत मिळते म्हणून सांगतात. ती स्वस्त का, हे आधी समजून घ्या. डोंगरपायथ्याच्या मैत्रिणींनी तर जास्तच जपावं. 2014 मध्ये माळीण, 2021 मध्ये तळीये, 2023 मध्ये इर्शाळवाडी इथं दरड गावावर आली, तिन्ही वेळा जुलै महिन्यात. जागेच्या वर उतार कसा आहे, पावसाळ्यात माती सरकते का, जमिनीला भेगा पडतात का, याची चौकशी केल्याशिवाय इसार देऊ नका.

दुसरी गोष्ट वाट. जागा हमरस्त्याला लागून आहे, एवढ्यानं भागत नाही. गाडी तिथं थांबते का? एसटीत आपल्याला 2023 पासून अर्धं तिकीट आहे. पण ती सवलत एसटीत चढलो तरच. जिथं एसटी थांबत नाही आणि वडापनंच जावं लागतं, तिथं पूर्ण भाडं पडतं आणि गाडी भरेपर्यंत ताटकळावं लागतं. शिवाय रस्त्यापासून दारापर्यंतची वाट स्वतःच्या पायांनी चाला. पावसाळ्यात चिखल किती होतो, दिवे आहेत का, वाटेत दारूचं दुकान आहे का, ते बघा. पोरगी सातवी झाली की पुढची शाळा कुठं आहे, हा प्रश्न आत्ताच विचारा. शाळा लांब आणि वाट सुनसान असली की घरातल्या पोरीचंच शिक्षण आधी सुटतं, हे आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

याशिवाय अंगणवाडी, रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र, दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी किती अंतरावर आहे, ते मोजा. 108 ची गाडी दारापर्यंत येईल एवढी वाट रुंद आहे का, तेही बघा. आसपास पोल्ट्री असेल तर माशांचा त्रास, वीटभट्टी असेल तर धुराचा. शिलाई, पापड, पिठाचा उद्योग करणाऱ्या मैत्रिणींनी आणखी एक बघावं, की गिऱ्हाईक इथं चालत येईल का? गावाबाहेर घर गेलं आणि चालू धंदा बसला, असं व्हायला नको.

आता हिशेब करू. समजा, गावातल्या जागेपेक्षा चार किलोमीटर बाहेरची जागा एक लाखानं स्वस्त आहे. घरातली दोन माणसं रोज वडापनं जाऊन-येऊन करतात. एका फेरीचे 10 रुपये धरले तर दिवसाचे 40, महिन्याच्या 25 दिवसांचे 1,000, वर्षाचे 12,000. पिण्याच्या पाण्याचा जार रोज 10 रुपये, वर्षाचे जवळजवळ 3,600. उन्हाळ्याचे चार महिने, महिन्याला दोन टँकर, 800 रुपयांचा एक, म्हणजे 6,400. सगळे मिळून वर्षाला 22,000 झाले. पाच वर्षांत 1 लाख 10 हजार. वाचवलेला लाख गेला आणि वर दहा हजारही गेले. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, ते घालून बघा.

यात तुमचा वेळ अजून धरलेला नाही. पाणी आणि ये-जा यात रोज दोन तास जादा गेले, तर वर्षाला 730 तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर 91 दिवस होतात. तीन महिन्यांची मजुरी त्या स्वस्त जागेत मुरते. ती कुठल्याच कागदावर दिसत नाही, कारण ती बाईची असते.

मग बाहेरची जागा घ्यायचीच नाही का? तसं नाही. तिथं नळाला पाणी असेल, एसटी थांबत असेल, शाळा जवळ असेल, तर ती गावातल्या दाटीपेक्षा चांगलीही ठरेल. ठरवायची रीत सोपी आहे. बैठकीत जमिनीवर खडूनं दोन चौकोन काढा, दोन जागांचे. पाणी, पूर-दरड, वाट, शाळा, दवाखाना, धंदा आणि शेजार, अशा सात गोष्टी लिहा. प्रत्येक गोष्टीला शून्य ते पाच चिंचोके ठेवा. सासू, सून आणि लेक, तिघींनी वेगवेगळे ठेवावेत. मग मोजा. फक्त एक नियम पाळा. पाणी किंवा पूर-दरड यात शून्य आलं, तर पुढची बेरीज करायचीच नाही.

जागा एकदाच बघू नका. पहाटे पाण्याच्या वेळी जा, शाळा सुटायच्या वेळी जा, अंधार पडल्यावर जा आणि जमलं तर एका मोठ्या पावसानंतर जा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका ताजी काढा, इतर हक्कात कुणाचा बोजा आहे का ते वाचून घ्या. दारापर्यंतचा रस्ता नकाशात आहे का, ते बघा. तोंडी दिलेली वाट उद्या बंद होऊ शकते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. स्टँपवर नोटरी केली म्हणजे खरेदी झाली, असं होत नाही, दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो. लहान तुकड्याच्या खरेदीला तुकडेबंदी कायदा आड येतो का, ते पैसे देण्याआधी तलाठी आणि निबंधक कार्यालयात विचारा. आणि राहतं घर फक्त बाईच्या नावानं खरेदी केलं, तर आपल्या राज्यात 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चार लाखांच्या घराला चार हजार रुपये वाचतात, आणि घरावर तुमचं नाव लागतं ते वेगळंच.

आमची सगळ्या गटांना एक विनंती आहे. घर-जागेसाठी कर्ज मागणारी सभासद आली, तर मंजुरीआधी गटातल्या दोघींनी तिच्याबरोबर जाऊन ती जागा बघावी आणि शेजारणींशी बोलून यावं. कर्ज गटाचं आहे, हप्ते तिचे आहेत, आणि त्या घरात उभं आयुष्य तिला काढायचं आहे. येत्या बैठकीत चिंचोक्यांचा हा खेळ करून बघा आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.