सेल्फ मारते, पण गाडी स्टार्ट होत नाही? फोन काय सांगतो आणि काय नाही

मे महिन्यातला रविवार. बहिणीची नीट, केंद्र नेरूळला, गेट दुपारी दीडला बंद. आम्ही राहतो खारघरला. हार्बरवर मेगाब्लॉक, म्हणून गाडी काढायची ठरली. बाराला किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. दहा मिनिटं मी तेच करत बसलो. शेवटी आईने रिक्षा थांबवली आणि त्या दोघी गेल्या. मी राहिलो पार्किंगमध्ये, गाडीसोबत.

आजूबाजूचे सगळे म्हणत होते, "बॅटरी गेली असेल." पण बॅटरी उतरली तर सेल्फ रेंगाळतो किंवा नुसता टिक-टिक आवाज येतो. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरत असेल, तर आधी दुसरीकडे बघायचं. पेट्रोल इंजिनला चालू व्हायला हवा, पेट्रोल आणि योग्य वेळी ठिणगी लागते. यातलं काय कमी पडतंय, एवढंच शोधायचं असतं.

माझ्याकडे ओबीडी अडॅप्टर होता. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो लावायचा आणि ब्लूटूथने फोनला जोडायचा. (आयफोन असेल तर घेण्याआधी चालतो का ते बघा, स्वस्तातले बरेच अडॅप्टर फक्त अँड्रॉइडवर चालतात.) किल्ली ऑन करून अ‍ॅपमध्ये कोड तपासले. एकही नाही! मी खूश झालो, आणि तिथेच फसलो. कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं नसतं. कॉम्प्युटर फक्त त्याला दिसतं तेच सांगतो. पंप आतून झिजलाय की टाकीत कचरा आहे, हे बऱ्याच गाड्यांत त्याला कळतच नाही.

त्यापेक्षा उपयोगी पडला आरपीएमचा आकडा. सेल्फ मारताना तो बघायचा. सेल्फ फिरतोय आणि अ‍ॅपमध्ये शून्यच दिसतंय, तर संशय क्रँक सेन्सरवर. इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळलं नाही, तर तो ना पेट्रोल सोडणार ना ठिणगी. (तेव्हा पी०३३५ हा कोडही येऊ शकतो.) माझ्याकडे दोनशेच्या वर आकडा दिसत होता. म्हणजे सेन्सर ठीक. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्हही लुकलुकत नव्हतं, म्हणजे इमोबिलायझरची भानगड नाही.

मग फोन खिशात ठेवला आणि कान लावला. किल्ली ऑन केली, सेल्फ न मारता, की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण यायला हवी. तो पेट्रोल पंप. एसी, पंखा, गाणी बंद करून चारदा ऐकलं. काहीच नाही. फ्यूज शाबूत होता. बाजूचा तसाच रिले काढून लावून बघितला, फरक शून्य.

आता आमची गाडी सीएनजीची. पण बऱ्याच सीएनजी गाड्या स्टार्ट होतात पेट्रोलवरच, मग गॅसवर जातात. (काही नव्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात.) संध्याकाळी मॅन्युअल चाळलं, तर आमच्या किटमध्ये स्विच दाबून धरून थेट गॅसवर स्टार्ट करायची सोय निघाली. केलं, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! म्हणजे ठिणगी, सेन्सर, इंजिन सगळं धडधाकट, दोष फक्त पेट्रोलच्या बाजूला. हे बाराला माहीत असतं तर बहीण गाडीतूनच गेली असती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पंप बाहेर काढला. जाळी काळ्या गाळाने भरलेली, मोटर जळालेली. पेट्रोल महाग म्हणून काटा कायम तळाला ठेवायची आमच्या घरची सवय. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, हे तेव्हा त्याच्याकडून कळलं.

दोन गोष्टी मात्र करू नका. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर तापते आणि बॅटरी खरंच उतरते. आणि पावसाळ्यात गाडी पाण्यात उभी होती, पाणी इंजिनपर्यंत चढलं असेल, तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तेव्हा थेट टोइंगच बोलवा.

बहीण एक वाजून दहा मिनिटांनी गेटवर पोहोचली होती. गाडीत आता पाव टाकी पेट्रोल कायम असतं, आणि किल्ली ऑन केली की आईसुद्धा आधी गुणगुण ऐकते.