नकाशावर बाण नसतो तेव्हा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पाचवी गल्ली सापडली की सहावी कुठे, हे कुणाला विचारावं लागत नाही. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत ती सोय नाही. तिथे तालीम, देऊळ, बोळाचं तोंड अशा खुणा धरत घर गाठायचं असतं. हा फरक माणसाच्या दिशाज्ञानापर्यंत पोहोचतो, असं सुचवणारं संशोधन २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं आणि त्याचं साधन होतं एक मोबाइल गेम. ‘सी हीरो क्वेस्ट’मध्ये आधी नकाशा दिसतो, मग तो नाहीसा होतो आणि आठवणीच्या भरवशावर होडी ठरलेल्या क्रमाने एकेका ठिकाणी न्यावी लागते. ३८ देशांतल्या जवळपास ४ लाख लोकांचा खेळ तपासल्यावर दिसलं, की शहराबाहेर वाढलेले लोक वाट शोधण्यात सरस होते आणि चौकटीच्या रस्त्यांच्या शहरांत वाढलेले मागे. मात्र सरळ आखणीच्या टप्प्यांवर त्यांनाही चांगलं जमत होतं. असे गेम खेळून दिशाज्ञान वाढतं, हे यावरून सिद्ध होत नाही. पण वाट शोधणं हे स्वतंत्र बौद्धिक काम आहे आणि त्याचा संबंध लहानपणी पायाखाली आलेल्या वाटांशी आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

ओपन वर्ल्ड गेमची, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिकडे फिरू देणाऱ्या गेमची, पारख मी याच कामावरून करेन. जग किती मोठं, यापेक्षा त्यात वाट कोण शोधतं हे महत्त्वाचं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा आणि त्यावर बाण असला, की डोंगरदऱ्या कितीही सुंदर रंगवा, नजर बाणावरच खिळते. २०१७ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने इथे वेगळा निर्णय घेतला. मुख्य कथेची ठिकाणं नकाशावर दिसतात, पण बाकीचं बरंचसं आपणच उंचावर चढून, दुर्बिणीतून न्याहाळून, स्वतःच्या हाताने खूण करून ठरवायचं. त्याच्या निर्मात्यांनी भूभाग त्रिकोणांच्या हिशेबाने रचल्याचं सांगितलं आहे: समोर टेकडी आली की चढायचं की वळसा घालायचा हा निर्णय आला, आणि टेकडीमागचं हळूहळू उघडत गेलं. जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

याच गेममधल्या दोन गोष्टींनी खेळणारे वैतागतात. पाऊस आला की कड्यावरून पाय घसरतो, आणि हत्यारं वापरून वापरून मोडतात. कल्पना म्हणून पाऊस मला पटतो. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ते पावसाळी रात्रीच. पाऊस एक वाट बंद करतो तेव्हा दुसरी उघडू शकतो. गेममध्येही पावसात पावलांचा आवाज दबतो, हवामानाचा अंदाज आधी दिसतो. पण कड्याच्या मध्यावर सर आली, तर कपारीखाली थांबून राहण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. जिथे निर्णय घ्यायला वावच नाही, तिथली अडचण हा आखणीचा दोषच. हत्यारांचंही तसंच. ती मोडतात म्हणून नवं काही करून पाहावं हा हेतू, प्रत्यक्षात चांगली तलवार जपून ठेवली जाते आणि तशीच पडून राहते. २०२३ च्या पुढच्या भागात हत्यारं मोडतातच, पण काठीला दगड किंवा राक्षसाचं शिंग जोडता येतं, त्यामुळे मोडण्यातून पुन्हा काही घडवायला मिळतं. त्रास तोच, पण तो आता कामाचा झाला.

कामावरून दमून आलेल्या माणसाला दिवसाकाठी तासभर मिळतो, त्याने तो भटकण्यात का घालवावा, हा आक्षेप रास्त आहे. दिशाज्ञान सगळ्यांचं सारखं नसतं हेही खरंच. म्हणून आधार हवा. प्रश्न तो कोणत्या रूपात द्यायचा एवढाच. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ने २०१८ मध्ये निवड खेळणाऱ्यावर सोपवली: थेट खूण हवी, की अमुक प्रदेशाच्या दक्षिणेला, नदीजवळ अशा वर्णनावरून शोधायचं? २०२० च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’त वारा दिशा दाखवतो, गवत त्या बाजूला झुकतं. मदत मिळते आणि नजरही समोरच्या माळावरच राहते. उद्या कुणी कोल्हापूरच्या पेठांवर असा गेम केलाच, तर तालमीवर चमकता ठिपका ठेवण्याऐवजी हलगीचा आवाज ठेवावा, जवळ जाऊ तसा वाढणारा आणि चुकीच्या बोळात वळलं की मंदावणारा.