ऐन वेळचे तिकीट

व्यापाराच्या, कोर्टकचेरीच्या किंवा लग्नकार्याच्या निमित्ताने हुबळी-धारवाडास जाणाऱ्या मराठी माणसाच्या हाती बहुधा एखादीच संध्याकाळ मोकळी राहते. काम आटोपलेले असते, परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची असते, आणि अशा वेळी भिंतीवरची जाहिरात पाहून कळते की आज रात्री गावात नाटक आहे. अक्षरे कानडी, ओळखीचे कोणी नाही, तिकीट आधी काढलेले नाही. खिडकीशी जाऊन पाहावे तो ‘हाऊस फुल्ल’ची पाटी! बिचारा पाहुणा खानावळीची वाट धरतो. पुष्कळदा ही माघार अर्धा तास आधीच घेतलेली असते.

नाटकाची खुर्ची हा फार नाशवंत माल आहे. मंडईतील भाजी निदान दुसऱ्या दिवशी उतरत्या भावाने विकता येते. तिसरी घंटा झाल्यावर रिकामी राहिलेली खुर्ची त्या खेळापुरती कवडीमोलाचीही उरत नाही. तिकिटविक्रीच्या साऱ्या चालीरीती या एका गोष्टीतून निघाल्या आहेत. शिवाय पाटी लागली म्हणजे प्रत्येक खुर्चीवर माणूस बसणारच असे नव्हे. काही जागा निमंत्रितांसाठी राखलेल्या असतात आणि ते सगळेच येत नाहीत. कोणी फोनवरून जागा सांगून ठेवतो आणि पैसे भरावयास फिरकतच नाही. कोणाच्या घरी ऐन वेळी पाहुणे येतात, कोणास ताप भरतो. या जागा खेळापूर्वीच्या शेवटच्या घटकेत मोकळ्या होतात आणि त्या वेळी जो खिडकीजवळ उभा असेल त्याच्या पदरात पडतात. त्यातही एकट्या माणसास अधिक वाव असतो, कारण जोडप्यांच्या आणि कुटुंबांच्या मध्ये एखादी सुटी खुर्ची नेहमी उरते. चौघांनी एका रांगेचा हट्ट धरला तर मात्र निराशा ठरलेली.

परदेशांतील मोठ्या शहरांनी हा व्यवहार उघडपणे मांडला आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये 1973 साली एक खिडकी उघडण्यात आली. मुख्यतः त्याच दिवशीच्या खेळांची उरलेली तिकिटे तेथे निम्म्या किमतीपर्यंत उतरवून विकली जातात. लंडनने 1980 साली लेस्टर स्क्वेअरमध्ये हाच प्रयोग केला. तेथील नाट्यगृहांत परत आलेल्या तिकिटांसाठी निराळी रांग लावण्याचीही रीत आहे. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहात तर उभ्याने पाहणाऱ्यांसाठी शेकडो जागा असून त्यांचे दर अगदी माफक असतात. पुढील कठड्यास रुमाल बांधला की ती जागा आपली, असा तेथील संकेत. एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या प्रवाशास हा संकेत शिकवावा लागणार नाही!

काळ्या बाजारात तिकीट विकणाराही याच नियमाने बांधलेला असतो. खेळापूर्वी तासभर तो दुप्पट किंमत सांगेल. पहिली घंटा होताच त्याचाच धीर सुटू लागतो. तरीही त्याच्या वाटेस न जाणे बरे. परक्या गावात तिकिटाचा खरेखोटेपणा पारखता येत नाही, आणि दारावर अडवले गेल्यास दाद कोणाकडे मागणार?

हुबळी-धारवाड तसा परमुलूख नव्हे. केवळ भाषा निराळी. कारवारकडील भागवत मंडळींचे खेळ 1842 च्या सुमारास सांगलीस झाले आणि ते पाहून विष्णुदास भावे यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पुढे मराठी नाटक मंडळ्या याच मुलखात दौरे करू लागल्या. त्यांना मिळणारी गर्दी पाहून 1870 च्या दशकात गदगला शांतकवींनी कानडी नाटक मंडळी उभी केली. ‘शाकुंतल’कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर हे तर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, आणि मराठी रंगभूमी गाजविणारे सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे. अशा मुलखात एक संध्याकाळ नाटकावाचून दवडणे म्हणजे पंढरपुरास जाऊन केवळ बाजार करून येण्यासारखे आहे. भाषेची धास्तीही वाटते तितकी खरी नाही. गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ ज्याने तेंडुलकरांच्या मराठी अनुवादातून वाचले आहे, त्याला ते कानडीत पाहताना कथासूत्र सापडावयास अडचण पडू नये.

या भागात तिकिटाची रीत जागेप्रमाणे पालटते. जत्रेच्या ठिकाणी तंबू ठोकून राहणाऱ्या नाटक कंपन्यांची सारी मदार खिडकीवरील विक्रीवर असते. पौष महिन्यात बदामीजवळच्या बनशंकरीच्या जत्रेत अशा अनेक कंपन्या शेजारी शेजारी उतरतात आणि खेळ उत्तररात्रीपर्यंत चालतात. एका तंबूत जागा नसली तर दुसऱ्यात मिळते. धारवाडची गोष्ट निराळी. तेथे हौशी मंडळींचे आणि संस्थांचे प्रयोग पुष्कळ होतात, आणि जाहिरातीवर ‘उचित प्रवेश’ असे शब्द आढळतात. मराठी माणूस ते वाचून बुचकळ्यात पडतो. कानडीत ‘उचित’ म्हणजे फुकट! येथे तिकिटाचा प्रश्नच नाही. मात्र खुर्ची आधी येणाऱ्याची, तेव्हा अर्धा तास अगोदर जाऊन बसावे.

तिकीट असेल तेथे खिडकीवर ‘ओंदु टिकीट ऐतेन्री?’ एवढे विचारता आले तरी पुरे. ‘ओंदु’ म्हणजे एक, आणि शेवटचा ‘री’ हा आदराचा. तो गाळू नये. विक्रेत्याने ‘इल्ल’ म्हटले तर चिडू नये. तेथेच बाजूस उभे राहावे आणि तिसऱ्या घंटेच्या आधी पुन्हा एकदा विचारावे. त्याला चेहरा आठवलेला असतो, आणि परत आलेले तिकीट तो बहुधा समोर दिसणाऱ्या माणसास देतो.

मुक्काम हुबळीस आणि नाटक धारवाडास असेल, तर दोन्ही गावांत सुमारे 20 किलोमीटरचे अंतर आहे. शेवटची बस किती वाजता सुटते हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्यावे.