पळाले कोण, गुराखी की वाघ? संगणक काढतो वाक्याचे ‘झाड’

‘गुराख्याने वाघाला पळताना पाहिले.’ सावली तालुक्यातून असा निरोप मोबाइलवर आला, तर पळत कोण होते? माणूस आधीच्या बोलण्यावरून ओळखतो. संगणकाला मात्र ठरवावे लागते. तो चुकला, तर भाषांतरात गुराखी पळेल आणि वाघ जागीच उभा राहील.

शाळेतले वाक्यपृथक्करण आठवते? उद्देश्य, विधेय, कर्म, विस्तार? संगणकासाठी लिहिलेले व्याकरण साधारण तेच करते. प्रत्येक शब्दाला क्रमांक मिळतो आणि तो ज्या शब्दावर अवलंबून आहे, त्याचा क्रमांक शेजारी लिहिला जातो. इथे ‘गुराख्याने’ १, ‘वाघाला’ २, ‘पळताना’ ३, ‘पाहिले’ ४. क्रियापद कुणावरच अवलंबून नाही, म्हणून त्याच्यापुढे ०. ते झाडाचे मूळ. १ आणि २ यांच्यापुढे ४. अडचण आहे ती ३ची. त्याच्यापुढे ४ लिहिले तर पळत होता गुराखी. २ लिहिले तर वाघ.

फरक एवढाच, एका आकड्याचा. हजारो ओळींच्या फाइलमध्ये तो नजरेतून सहज सुटतो. म्हणून सॉफ्टवेअर आकड्यांवरून झाड काढून दाखवते. मूळ वर, फांद्या खाली. हे झाड उलटेच वाढते.

*झाड १ : गुराखी पळत होता*
पाहिले
├ गुराख्याने
├ वाघाला
└ पळताना

*झाड २ : वाघ पळत होता*
पाहिले
├ गुराख्याने
└ वाघाला
  └ पळताना

फांदी भलतीकडे गेली असेल, तर तपासणाऱ्याला ती लगेच दिसते.

बऱ्याचदा मराठी स्वतःच फांदी दाखवते. ‘तलावाची जुनी पाळ फुटली’ म्हटले की जुनी आहे ती पाळ. ‘जुन्या तलावाची पाळ’ म्हटले की तलाव. पण ‘जुन्या तलावाच्या पाळीवर’ म्हणताच खूण पुसली जाते. आता जुने काय, तलाव की पाळ?

हे सगळे संगणक शिकतो माणसांनी तपासलेल्या झाडांवरून. ‘युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात मराठीचा संग्रह आहे ४६६ वाक्यांचा, तोही मुख्यतः गोष्टींमधला. हिंदीच्या संग्रहात १६ हजारांहून अधिक वाक्ये आहेत.

शिवाय सावलीकडची बोली झाडीबोली. तिथे ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’ ‘डोरा’ होतो. याच न्यायाने ‘पाळ’ची ‘पार’ झाली, तर संगणकाला ती वडाभोवतीचा पार वाटू शकते. ‘जुनी पार फुटली’ यातला ‘जुनी’ तेवढा मदतीला येईल. वडाचा पार असता, तर तो ‘जुना’ असता.