धांवत्या वाटेवरील बिनतारी सोपवणूक

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातुरास जाणाऱ्या एस. टी.तील प्रवासी मोबाईलवर घरच्या माणसांशीं बोलत असतो. वाटेंत त्याचें बोलणें एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे असें अनेक वेळां सोपविलें जातें, पण त्याला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. ही सोपवणूक, जिला इंग्रजींत हँडओव्हर म्हणतात, कशी होते, आणि डोळ्यांस लावावयाच्या नव्या चष्म्यांनीं ती अवघड कां करून ठेविली आहे, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुलुख लहान लहान कक्षांत वांटून प्रत्येक कक्षास आपला मनोरा द्यावा, आणि दूरच्या कक्षांत त्याच लहरी पुनः वापराव्या, ही कल्पना १९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डी. एच. रिंग यांनीं मांडली. भारतांत पहिलें मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांमध्यें झालें. फाइव्ह-जी ही पांचवी पिढी १ ऑक्टोबर २०२२ रोजीं आली. कक्ष आले तशा त्यांच्या सीमाहि आल्या.

वडील मंडळींस मनमाडची आठवण असेल. नांदेडची रेल्वे मीटर गेजची व मुंबईची ब्रॉड गेजची. म्हणून रुंदीकरण होईपर्यंत प्रवाशास मनमाडास उतरून, सामान हमालाच्या डोकीवर देऊन दुसरी गाडी गांठावी लागे. मधल्या वेळांत तो कोणत्याच गाडींत नसे. मोबाईलची नेहमींची सोपवणूक अशीच आहे. हातांतील यंत्र शेजारच्या मनोऱ्यांच्या लहरींचा जोर सतत मोजीत असतें. एखादा शेजारी चालू मनोऱ्याहून ठराविक अंशानें वरचढ झाला, आणि तो वरचढपणा ठराविक काळ टिकला, म्हणजे यंत्र तशी वर्दी देतें. चालू मनोरा शेजाऱ्याकडे जागा मागतो, ती मिळाली कीं यंत्रास आज्ञा करतो, आणि यंत्र जुना संबंध तोडून नवा जोडतें. या खटपटींत साधारणपणें ३० ते ६० मिलिसेकंद जातात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

‘ठराविक काळ’ कशासाठीं, असें कोणी विचारील. सीमेवर दोन्ही मनोरे जवळजवळ सारखेच भरतात. तेथें घाई केली तर यंत्र चेंडूसारखें इकडून तिकडे व तिकडून इकडे फेकलें जाईल. उशीर केला तर बालाघाटच्या एखाद्या उतारावर जुना मनोरा डोंगराआड जाऊन संबंधच तुटेल.

बोलण्यांत ५० मिलिसेकंदांचा खंड कानास जाणवत नाहीं. सिनेमा पाहतांना तर यंत्र पुढचीं चित्रें आधींच आणून साठवितें. परंतु ‘विस्तारित वास्तव’ दाखविणाऱ्या चष्म्यास ही साठवण करितां येत नाहीं, आणि सर्व अडचणीचें मूळ येथेंच आहे. त्यांतील चित्र पाहणाऱ्याची मान कोठें वळेल यावर अवलंबून असतें, आणि मान कोठें वळणार हें पाहणाऱ्यासच क्षणापूर्वीं ठाऊक नसतें! मान वळल्यापासून सुमारें २० मिलिसेकंदांच्या आंत नवें चित्र डोळ्यांस दिसावें असें मानतात. विलंब झाला तर कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय एक सांगतें व डोळे दुसरेंच सांगतात. घाटांत बसमध्यें पुस्तक वाचणाऱ्या मुलास जशी मळमळ होते, तशीच येथें होते.

आज हे चष्मे बहुधा घरांतील वाय-फायवरच चालतात. पण समजा, अहमदपूरजवळ अपघात झाला, आणि जखमीस रुग्णवाहिकेंतून लातूरच्या शासकीय वैद्यकीय रुग्णालयाकडे नेत आहेत. सोबतच्या परिचारकानें चष्मा लावला आहे, आणि रुग्णालयांतील शल्यवैद्य त्यांतून जखम पाहून, कोठें दाबून धरावें याची खूण त्याच्या नजरेपुढें काढीत आहे. त्याच क्षणीं सोपवणूक होऊन चित्र अडलें, परिचारकाची मान हलली, आणि खूण चार बोटें बाजूस सरकली, तर?

म्हणून सोपवणुकीची वेळ साधावी लागते. सेकंदास ६० चित्रें धरलीं तर दर १६ ते १७ मिलिसेकंदांनीं एका चित्राचा लोंढा येतो. दोन लोंढ्यांमध्यें थोडी उसंत असते. लोंढा पुरा पोंचतांच सोपवणूक सुरू केली तर अर्धवट आलेलें चित्र वायां जात नाहीं. तरी ३० ते ६० मिलिसेकंद म्हणजे दोन ते चार चित्रांचा काळ. तो एका उसंतींत मावत नाहीं. याकरितां मान स्थिर असल्याचा क्षण निवडणें बरें, कारण तेव्हां चष्मा जुनेंच चित्र किंचित् सरकवून वेळ मारून नेऊं शकतो. असा क्षण शोधण्यास सवडहि पुष्कळ असते. ताशीं ८० किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या सेकंदांत अवघी ११ मीटर जाते, आणि तेवढ्यांत ३० चित्रें येऊन जातात! मोकळ्या माळावर ११ मीटरांनीं लहरींचा जोर फारसा बदलत नाहीं. डोंगराच्या वळणावर मात्र असा भरंवसा धरूं नये.

दुसरी युक्ति खंडच लहान करण्याची. २०२० सालच्या सोळाव्या आंतरराष्ट्रीय आवृत्तींत तिचे दोन प्रकार आले. एकांत पुढच्या मनोऱ्याशीं बोलणी आधींच उरकून, ‘अमुक स्थिति आली कीं स्वतःच जा’ असें यंत्रास सांगून ठेवितात. दुसऱ्यांत नवा संबंध जुळेपर्यंत जुना सोडीत नाहींत. माझ्या मतें दुसरा प्रकार अधिक समाधानकारक आहे, पण दोन गाड्यांत एकदम पाय ठेवणाऱ्या यंत्राचें काम त्यानें वाढतें.

एवढें करूनहि पुढच्या मनोऱ्यावर जागा हवीच. नांदेडास गुरुद्वाऱ्याच्या उत्सवांत लोटणाऱ्या गर्दीसारख्या वेळीं तो भरलेला असला, तर चालू मनोऱ्यास दुसरा शेजारी शोधावा लागतो. तोहि न मिळाल्यास चित्र थोडें पुसट करून कमी माहितीवर भागवावें लागतें, आणि शेजाऱ्यांचा जोर मोजण्याचें काम यंत्र पुढें चालूच ठेवितें.