ट्रॅक्टर-ट्रॉलीचा अपघात : भरपाई कोणाच्या डोक्यावर, विमा कुठपर्यंत?

सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली शेतापेक्षा रस्त्यावरच जास्त असते. बहुतेक शेतकरी ट्रॅक्टरचा विमा काढतात, पण विमापत्रात नेमके काय लिहिले आहे ते अपघात झाल्यावरच पाहिले जाते. तोवर उशीर झालेला असतो.

आधी जबाबदारी, मग विमा

समजा, तूर विकून परत येताना अकोल्यात जठारपेठेच्या रस्त्यावर तुमच्या ट्रॉलीचा धक्का लागून एक दुचाकीस्वार जखमी झाला. ट्रॅक्टर तुमचा सालदार चालवत होता, तुम्ही घरी होता. तरीही भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते.

दुसऱ्याच्या हयगयीमुळे नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मिळवून देणाऱ्या कायद्याला अपकृत्य कायदा म्हणतात. नोकराने मालकाचे काम करताना हयगय केली, तर त्याची भरपाई मालकालाही द्यावी लागते, हे याच कायद्याचे तत्त्व आहे. मागचा दिवा नसणे, रिफ्लेक्टर नसणे, अंधारात ट्रॉली रस्त्याच्या कडेला तशीच उभी ठेवणे यालाही हयगय धरले जाऊ शकते.

भरपाई ठरवताना मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहिली जातात. कर्ता माणूस गेला असेल, तर रक्कम काही लाखांत जाते. एवढी रक्कम लहान शेतकऱ्याकडे नसते आणि पीडित घराला हातात काहीच पडत नाही. म्हणूनच मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 ने सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला. विमा नसेल तर पहिल्या वेळी 2,000 रुपये आणि पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षा मोठा धोका भरपाईचा आहे, कारण विमा नसेल तर ती सगळी तुमच्या खिशातून जाते.

विमा असूनही कंपनी हात कधी वर करते?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. चूक कोणाची आणि भरपाई किती, हे तिथे ठरते. ती रक्कम कंपनीने द्यायची की मालकाने, हे विमापत्रावरून ठरते. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

- वापर: विमा ‘शेतीकामासाठी’ असेल आणि ट्रॉली भाड्याने विटा, रेती किंवा व्यापाऱ्याचा माल वाहत असेल, तर कंपनी हरकत घेते. ट्रॉलीतून बाजारात भाजी नेणाऱ्या एका विक्रेत्याच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितले की, माल शेतीचा असला तरी दुसऱ्याच्या व्यवसायासाठी त्याची वाहतूक करणे म्हणजे शेतीकाम नव्हे. कंपनी सुटली.
- ट्रॉली: ट्रॅक्टरचा विमा म्हणजे ट्रॉलीचा विमा नव्हे. विमापत्रात ट्रॉलीची वेगळी नोंद लागते.
- बसलेली माणसे: मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेला माणूस आपोआप ‘तृतीय पक्ष’ ठरत नाही. चढ-उतारीच्या मजुरांसाठी जादा हप्ता भरून संरक्षण घेता येते. वऱ्हाडी किंवा जत्रेची माणसे त्यात येत नाहीत.
- परवाना: चालकाकडे वैध परवाना हवाच.

वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरील एका मजुराच्या प्रकरणात ट्रॉलीचा विमा नव्हता आणि ट्रॅक्टरचा विमा फक्त शेतीकामाचा होता. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी जबाबदार नसल्याचे मान्य केले. पण मजूर गरीब असल्याने कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. अशा आदेशाने जखमीला पैसे मिळतात, मालक मात्र सुटत नाही. ती रक्कम शेवटी त्यालाच भरावी लागते.

ट्रॅक्टर विकला, पण कागद बदलले नाहीत?

नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टर विकून नाव बदलले नसेल, तर घेणाऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते. व्यवहार झाला की परिवहन कार्यालयात नाव लगेच बदलून घ्या.

दोन विम्यांची गल्लत करू नका

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूनंतर 2 लाख रुपये मिळतात. ही मदत शेतकऱ्याच्या स्वतःच्या घराला आहे. तुमच्या ट्रॅक्टरने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर तिचा काही उपयोग नाही. त्यासाठी तृतीय पक्ष विमाच लागतो.

अपघात झालाच तर

1. जखमीला आधी दवाखान्यात न्या आणि पोलिसांना कळवा.
2. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.
3. न्यायाधिकरणाची नोटीस आली की हजर राहा. परवाना, नोंदणी पुस्तक आणि विमापत्र दाखल करा.
4. तुमच्या घरचा माणूस जखमी किंवा मृत झाला असेल, तर कलम 166 खालचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. कलम 164 खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात.

हंगामापूर्वी एवढे तपासा

विमापत्र काढून चार गोष्टी पाहा : मुदत कधी संपते, ट्रॉलीचा उल्लेख आहे का, मजुरांसाठी हप्ता भरला आहे का आणि वापर काय लिहिला आहे. भाड्याची कामे करत असाल, तर तसे कंपनीला सांगून त्याप्रमाणेच नोंदणी आणि विमा करून घ्या. हप्ता थोडा वाढेल, पण एखाद्या निकालाची वसुली आली तर त्यासाठी शेत विकायची वेळ येणार नाही. कृषी सहायकांनी गावातील हंगामपूर्व बैठकीत बियाणे-खतांबरोबर हे चार मुद्देही शेतकऱ्यांपुढे मांडावेत.