मिनी पीसी घेताय? जीबी नंतर, आधी प्रोसेसर बघा

आजचा एपिसोड माझ्याच एका चुकीवर आहे. गावी बाबांच्या टीव्हीला जोडायला मी स्वस्तातला मिनी पीसी घेतला. जाहिरातीत ८ जीबी रॅम आणि ४के लिहिलेलं, म्हटलं बास झालं. बाबांनी यूट्यूबवर ४के व्हिडिओ लावला, तर चित्र अडकत अडकत चाललं. "अरे, यापेक्षा आधीचं बरं होतं," बाबा म्हणाले. बीटेक झालेल्या पोराची पार गेली ना!

घोळ रॅमचा नव्हताच, आतली चिप जुनी होती. यूट्यूब बरेच व्हिडिओ एव्ही१ फॉरमॅटमध्ये पाठवतं. तो उलगडायला चिपमध्ये वेगळं सर्किट लागतं. ते नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो. २०१९ च्या सेलेरॉन जे४१२५ मध्ये ते नाही, २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन१०० मध्ये आहे. कोअर दोन्हीकडे चारच! शेवटी तो पीसी विकून एन१०० वाला घेतला. आता बाबा खूश.

दुसरं म्हणजे पोर्ट. एचडीएमआय १.४ वर ४के दिसतं, पण सेकंदाला ३० फ्रेमच. ६० हव्या असतील तर २.० पाहिजे, पीसीलाही आणि टीव्हीलाही.

एन१०० वर मोठे गेम चालतील अशी अपेक्षा ठेवू नका. पिक्चर, ब्राउझिंग, ऑनलाइन क्लास, एवढ्याला तो भरपूर झाला. घेताना दुकानदाराला एकच विचारा, "आत प्रोसेसर कुठला?" नीट उत्तर नाही आलं, तर सरळ पुढचं दुकान गाठा.